ऐरणीवरची चमकी

हिरा म्हणजे मूळचा कोळसाच, हे पुस्तकात वाचलं तेव्हा मला हसू आलं. माझं बालपण लोणावळ्यात गेलं. घाट चढून दमलेल्या इंजिनांचा कोळसा आमच्या वाळत घातलेल्या धुण्यावर रोज उतरायचा आणि आई त्याला रोज शिव्या घालायची. त्याच कोळशाचा एक भाऊबंद पुढे तिच्या लेकीच्या नाकात बसला.

आई एका पारशीण बाईंच्या बंगल्यात त्यांचं मूल सांभाळायची. बाईंच्या कानातल्या हिऱ्यांच्या जोडापैकी एक हरवला. उरलेला एकटा काय कामाचा, म्हणून माझं लग्न ठरल्यावर त्यांनी तो आईच्या हातावर ठेवला. आईनं त्याची चमकी घडवून घेतली. आमच्या घरात तेवढीच एक हिऱ्याची वस्तू होती, आणि आईनं ती मला दिली.

लग्न होऊन मी सुदुंबऱ्याला आले. सासर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. थोरल्या जाऊबाईंचं माहेर मळवलीकडचं. तिकडे कातळ फोडताना पोकळीत पांढऱ्या चकचकीत गारा सापडतात, पोरं त्यांना हिरे म्हणून खेळतात. त्यामुळे जाऊबाई स्वतःला हिऱ्यांतल्या जाणकार समजत. माझी चमकी पाहून म्हणाल्या, "आमच्याकडं असले हिरे शेरडं तुडवत्यात."

मी काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्यांच्यासमोरच मी म्हटलं, "माझी आई खोटं बोलत नाही." आत्याबाईंनी माझीच बाजू घेतली. "मग भांडताय कशाला? खरा हिरा घनाला भेत न्हाई. ठिवा ऐरनीवर."

आमच्या भागात हे शेंबडं पोरही सांगेल. ऐरणीवर ठेवून घण घातला, तरी जो फुटत नाही तो हिरा. मला तर आनंदच झाला. जाऊबाईंचं तोंड एकदाचं बंद होणार म्हणून मीच चमकी नाकातून काढली आणि आम्ही तिघी लोहाराच्या भात्यावर गेलो. लोहारानं खडा सुटा केला, उडून जाऊ नये म्हणून वर फडकं टाकलं आणि घण नको म्हणून हातोडी उचलली. एकच घाव घातला. फडकं उचललं तर खाली चुरा होता.

मग आत्याबाई हळूच म्हणाल्या, "फसवलं गं तुज्या आईला त्या बाईनं." त्यांच्या मनात दयाच होती, पण मला ती थोबाडीत बसावी तशी लागली. पंधरवड्यावर माझं डोहाळजेवण आलं होतं. आई येणार होती, आणि साऱ्या गावात ती लेकीला काचेची चमकी देणारी आई ठरणार होती. बंगल्यात राबून तिनं मिळवलेली ती एक वस्तू, आणि तिच्या लेकीनं स्वतःच्या हातानं ती ऐरणीवर ठेवली होती. मला भयंकर राग आला होता, कुणाचा ते मात्र कळत नव्हतं.

मी तो चुरा फडक्यात बांधून घरी आणला. दारातच जाऊबाई ओरडल्या, "ते पान्याजवळ नगं ठिवू. हिरकनी पोटात गेली तर आतडी कापती."

मी तिथंच थांबले. तोंडानं काच म्हणत होत्या आणि भीत होत्या हिरकणीला. तो शब्द डोक्यात घोळायला लागला आणि मला लहानपणी आईबरोबर जायचे त्या बंगल्यात पाहिलेला काचकाम करणारा आठवला. खिडकीची तावदानं कापायला त्याच्याकडे एक लाकडी मूठ असायची आणि तिच्या टोकाला कणभर हिरा. त्या हत्याराला तो हिरकणीच म्हणायचा. काचेवर ती ओढली की दात शिवशिवायचे.

"मला आरसा द्या," मी म्हणाले. जाऊबाईंनी आपला रुखवताचा आरसा खुंटीवरून काढून पाठीमागे लपवला. आत्याबाई आत गेल्या आणि स्वतःची फणीपेटी घेऊन आल्या. तिच्या झाकणातल्या आरशात पाहून त्या रोज कुंकू लावायच्या. "घे," म्हणाल्या, "पर जपून."

आधी मी फुटक्या बांगडीचा तुकडा आरशावर घासला. नुसता घसरला. मग चुऱ्यातली सगळ्यात मोठी कणी मेणानं काडीला चिकटवली आणि ओढली. तोच आवाज आला, दात शिवशिवणारा. आरशावर आडवी पांढरी रेघ उमटली. आत्याबाईंनी तिच्यावरून नख फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. जाऊबाई चुलीकडे निघून गेल्या.

एके काळी साऱ्या जगाला हिरे पुरवायचा तो आपलाच देश. कृष्णेच्या काठचे खडे परक्यांच्या मुकुटात जाऊन बसले. आणि आपण ते ऐरणीवर फोडून पाहतो. हिऱ्यावर ओरखडा उठवायला दुसरा हिराच लागतो हे खरं, पण लाकडासारखी त्यालाही रेघ असते, आणि तिच्यावर ठोका बसला की तो दुभंगतो. कारागीर तसेच तर हिरे फोडतात. हे मी पुढे वाचलं. किती खरे हिरे असे काच ठरून उकिरड्यात गेले असतील, देव जाणे.

डोहाळजेवणाला आई आली. तिची पहिली नजर माझ्या नाकाकडे गेली. भोक बुजू नये म्हणून तिथं मी कडुनिंबाची काडी घातली होती. तिचा चेहरा उतरला, पण चार बायकांत ती काही विचारेना.

आत्याबाईंनी तिला पाट दिला, फणीपेटी उघडून पुढे ठेवली आणि करंडा हातात दिला. "विहीनबाई, ह्यात बगून कुंकू लावा."

आईनं आरशात पाहिलं. रेघ नेमकी तिच्या कपाळावरून गेली होती. "तडा गेलाय वाटतं," ती म्हणाली.

"तडा न्हाई त्यो," आत्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तुमच्या हिऱ्याची रेघ हाय. हिरा खरा व्हता. फोडायला मी लावला."