नाक्यावर बदलायची गाडी

नागपूरला मामा वारल्याची तार सौंसरला दुपारी आली. दिवस मावळायच्या आत नेणार होते, आणि आईला भावाचं शेवटचं तोंड पाहायचं होतं. बस नुकतीच सुटली होती, म्हणून शिक्षक असलेल्या वडिलांनी भाड्याची मोटार केली.

राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर ड्रायव्हरनं मोटार थांबवली आणि डिकीतून आमची पिशवी काढली.

"गुरुजी, माझं परमिट एथपर्यंतच. पुढं तिकडची गाडी नेते."

"कुठं हाय ती?"

"येऊनच राहिली असन."

आमच्या भागात भाड्याच्या मोटारी अशाच चालत. इकडची नाक्यावर सोडायची, तिकडची उचलायची. ही पद्धत सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून तिकडची गाडी आज आहे का, हे निघताना कोणीच विचारलं नाही. ती लग्नाची वरात घेऊन गेली होती. नाक्यावरच्या चहावाल्यानं ते सांगितलं.

"तूच ने ना बाबा," वडील ड्रायव्हरला म्हणाले. "हिचा भाऊ गेला."

"पकडली तं गाडी जप्त करतेत, गुरुजी. मालक मले कामावर ठेवन का?"

तो मोटार वळवून गेला. आई रस्त्याकडेला पिशवीवर बसली. वडील येणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात करत राहिले. बऱ्याच वेळानं संत्र्यांच्या ट्रकनं आम्हाला घेतलं.

पोचलो तेव्हा मामाला नेलं होतं आणि शेजारणी घर धूत होत्या. मामीनं आईकडे पाहिलं.

"लय वाट पाहिली, ताई. मंग वाटलं, तुम्ही निघालाच नाही."

आई ओल्या उंबऱ्याशी उभी राहिली. नाक्याचं तिनं काही सांगितलं नाही.