सगळ्यात वाईट रस्ता

मी कमी बोलतो, म्हणून लोकांच्या गोष्टी माझ्याकडे साठतात. कासा ते तलासरी शेअर जीप चालवताना कान रिकामेच असतात. पण ही गोष्ट माझ्या घरातलीच आहे.

मुंबईहून टीम आली. खडकाळ रानात चालणारी नवी गाडी बाजारात येणार होती. तिची जाहिरात ही टीम करत होती. टीमचे साहेब म्हणाले, "काका, इथला सगळ्यात वाईट रस्ता दाखवा!"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मी आमच्या पाड्याचा चढ दाखवला. बायको जानकीच्या पायाला जखम आहे, दर मंगळवारी कासाच्या दवाखान्यात पट्टी असते. पट्टी चुकली तर पाय जाईल, टेकवायचाही नाही, असं डॉक्टर म्हणालेत. चार जण तिला झोळीतून खाली जीपपर्यंत आणतात. हेही सांगितलं.

साहेबांनी मला मिठीच मारली. "परफेक्ट!"

* * *

मला वाटलं, रस्ता होणार. टीममधल्या अदितीने समजावलं, "काका, हा डिजिटल एक्सपीरियन्स आहे. लोक घरी बसून आमची गाडी या खड्ड्यांतून चालवणार."

शेजारचा लाडक्या म्हणाला, "का? मुंबईतले खड्डे संपले काय?"

* * *

नवी गाडी आलीच नव्हती. माझ्याच जीपला ठिपके चिकटवले. नंतर कॉम्प्युटरवर जीप काढून तिथं नवी गाडी बसवायची.

"आणि काकांना?" लाडक्याने विचारलं.

"नव्या गाडीच्या काचा काळ्या आहेत. आत कुणी दिसणार नाही," अदिती म्हणाली.

"मग काका, दाढी राहू दे!"

* * *

शूटिंग मंगळवारी दुपारी होतं. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी अख्ख्या पाड्याने श्रमदान केलं. बायकांनी टोपल्यांनी मुरूम वाहिला. चढ असा झाला की मंगळवारी सकाळी माझी जीप पहिल्यांदा दारात आली. जानकी अंगणातूनच सीटवर बसली. वाटभर नुसती बाहेर बघत होती.

दुपारी साहेब आले आणि डोक्याला हात लावून खालीच बसले.

"रस्ता कुणी बिघडवला?"

* * *

"उद्यापर्यंत होता तसा करा. शूटिंग झालं की मशीन लावून पक्का भरून देतो," साहेब म्हणाले. पाहुण्याचं काम अडू नये, म्हणून सगळे कुदळी घेऊन आले. मीही खणलं. उकरलेला मुरूम ओढ्यात गेला.

दोर लावून माझी जीप खड्ड्यांतून खाली उतरवली, शूटिंग झालं. मशीन आलं नाही. पुढच्या मंगळवारी झोळी निघाली. एका बाजूने झोळी धरलेला लाडक्या म्हणाला, "वहिनी, आपणच नवी गाडी!" खड्ड्यात त्याचा पाय मुडपला, जानकीचा पाय दगडावर आपटला. जखम पुन्हा उघडली.

* * *

पाऊस संपल्यावर अदिती एकटीच आली. तिला फार वाईट वाटत होतं. तयार झालेलं काम दाखवायला तिने एक चष्मा आणला होता; डोळ्यांवर लावला की आपण त्या गाडीतच बसलोय असं दिसतं. जानकी खाटेवर पडून होती. पावसात झोळीही उतरेना, पट्ट्या चुकल्या; पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता.

चष्मा लावल्यावर जानकीने खाटेची कड घट्ट धरली.

"उतरतेय गं गाडी! हा आपला आंबा. हा ओढा." मग ती मान वळवून बराच वेळ शोधत राहिली. "घरं कुठायत?"

अदिती हळू आवाजात म्हणाली, "काकू, नुसतं जंगल हवं होतं गाडीवाल्या कंपनीला. कॉम्प्युटरवर घरं काढली."

जानकीने चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवला आणि माझा हात चाचपला.

"दवाखान्यात नेशील रे. पण परत कुठं आणशील मला?"