एक जूनला जन्मलेलं गाव

मी मुळातच संशयी. कोळंबी ताजी आहे म्हणून कोणी शपथ घेतली, की मी आधी तिचं डोकं उचलून बघते. सुट्टीत आमच्या झाई गावच्या देवळाच्या मंडपात मुलांचा वर्ग घ्यायला लागले आणि रोज फळ्यावर दिनविशेष लिहायला लागले, तेव्हाही मोबाइलवर फिरत आलेली ओळ दोन ठिकाणी ताडून बघितल्याशिवाय मी कधी लिहिली नाही. त्या निरोपांत एकच थोर माणूस वर्षातून तीनदा जन्मतो. आमच्याकडे मात्र उलटं, एकाच दिवशी अख्खं गाव जन्मलंय. त्याचीच ही गोष्ट. नावं मुद्दाम घालत नाही. किनाऱ्यावर माणसं वाचतात कमी आणि ओळखतात जास्त.

गेल्या वर्षी एक जूनला फळा भरून गेला होता. १९३० साली याच दिवशी मुंबई-पुण्याची ती प्रसिद्ध आगगाडी पहिल्यांदा धावली. १९४८ साली पुण्याहून नगरला एसटीची पहिली बस सुटली. आणि आमच्याकडे दर वर्षी याच दिवसापासून मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या.

एका मुलीने हात वर केला. "बाई, गाडी धावली म्हणून बस सुटली का?"

"नाही गं. तारीख म्हणजे दारामागची खुंटी. तिच्यावर कोणी टोपी टांगतं, कोणी पिशवी. दोन्ही एका खुंटीला म्हणून काही टोपीमुळे पिशवी येत नाही."

मुलांना ते पटलं. मग त्यांनी आपला अभ्यास सांगायला सुरुवात केली. घरातल्या मोठ्यांचे वाढदिवस विचारून या, असं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. "माझ्या आजोबांचा एक जून." "माझ्या आईचा पण." "आमच्याकडे तिघांचा!" मंडपात हसून हसून गोंधळ. मी समजावलं, की या लोकांना शाळेत घातलं तेव्हा जन्मदाखला कोणाकडेच नव्हता. बाप सांगायचा, "होळीच्या पुढेमागे झाली," किंवा "त्या साली पापलेट लय लागलेलं." गुरुजी अंदाजाने साल धरायचे आणि तारीख टाकायचे एक जून, म्हणजे शाळा उघडताना वय बरोबर भरायचं.

"बाई, तुमचा कधी?"

"माझाही एक जूनच."

"तो नाही. खरा?"

पन्नाशी आली, जगाच्या तारखा ताडून बघते, आणि स्वतःचीच माहीत नाही. मला ते फार लागलं. मी तिथल्या तिथे नवा अभ्यास दिला, की घरच्यांचा खरा जन्म कधीचा आणि त्या दिवशी गावात काय घडलं, ते विचारून या. मीही विचारून येते.

इथेच माशी शिंकली. बंदर येणार, रेल्वेची नवी लाइन तलासरीकडून जाणार, कोणाची जमीन जाणार, कोणाचा समुद्र जाणार, हे ऐकून ऐकून आमचा किनारा दुधाने तोंड पोळल्यासारखा झालाय. ताकसुद्धा फुंकून पितो. दुसऱ्या दिवशी मंडपात तीनच मुलं आली. त्यांच्या मागोमाग शेजारचे तांडेलकाका आले. स्वतःची बोट चालवणारा, मोजकं बोलणारा माणूस.

"बाय, खऱ्या तारखा कोणाला पायजेत?"

"मुलांना, काका."

"पोरांना कशाला? उद्या कोण बोलला, कागदावर एक तारीख नि तोंडात दुसरी, हे लोकच खोटे, मग? तुला पाठवलाय कोणी?"

मला संताप आला. "काका, मी इथलीच ना? माझ्या बापाची बोट तुमच्या बोटीला लागून उभी असायची."

"म्हणून तर विचारतो. बाहेरची असती तर हाकलली असती."

मी त्यांना शब्द दिला, की काही लिहून घेणार नाही आणि मुलांना पुन्हा हे विचारायला लावणार नाही. पण माझा स्वतःचा प्रश्न मी सोडला नव्हता. तडक घरी गेले. आई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, माझा जन्म खरा कधीचा?

तिचा हात थांबला. "कोण बोल्लं तुला?"

मी 'कधी' विचारलं होतं आणि ती 'कोण' म्हणत होती. पाणी कुठेतरी मुरत होतं.

"कोणी काही बोललं नाही. तारीख सांग फक्त."

"एक जून."

"आई, ती गुरुजींनी टाकली."

"मग गुरुजींना विचार."

गुरुजींना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. ती पुन्हा तांदळात बोटं फिरवायला लागली, पण खडा एकही बाहेर पडत नव्हता. त्या संध्याकाळी मी आरशात स्वतःचं नाक नीट बघितलं. मी या घरचीच ना, इथपर्यंत माझी गाडी गेली.

मग मला जवळच्या चिखले गावातली मामी आठवली. आईच्या भावाची बायको. मला कळायच्या आधीच मामा समुद्रात बुडाला. दर वर्षी त्याच्या तिथीला आम्ही तिच्याकडे जेवायला जायचो. ती मला खीर दोनदा वाढायची, माझ्याकडे टक लावून बघायची आणि मधेच उठून आत जायची. आई मला तिच्याकडे कधी एकटीला जाऊ देत नसे. मामीला मी आवडत नाही, तिच्या मनात माझ्याविषयी काहीतरी आहे, अशी माझी लहानपणापासून खात्री होती. आईला न सांगता मी रिक्षा पकडली.

मामी पावसाच्या आधी सुका जवळा डब्यात भरत होती. मला एकटीला दारात बघून तिने रस्त्याकडे पाहिलं. "आईनं पाठवलं?"

"नाही. तिला ठाऊकच नाही. मामी, माझा जन्म कधीचा?"

तिने डब्याचं झाकण लावलं, हात पदराला पुसले आणि तिथी सांगितली.

ती मामाचीच तिथी होती.

"पैलं बाळंतपण, म्हणून तुझी आई इथं आलेली," मामी म्हणाली. "नारळी पौर्णिमा होऊन बोटी गेलेल्या आणि वारा सुटला. दोन दिवस सगळा गाव किनाऱ्यावर. घरात आम्ही दोघी नि सुईण. सकाळी तू झाली. संध्याकाळी त्याला आणला."

मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"माझी सासू, तुझी आजी, दुसऱ्या लेकीकडे बोर्डीला गेलेली, ती ऐकून धावत आली. रडताना मधेच तिनं तुला बघितली आणि विचारलं, पोर कधी झाली? मी बोलले, बोट जायच्या आधी. तो पोरीचं तोंड बघून गेला, तिच्या ओठाला साखर लावून गेला, असं पण बोलले. सुईणीनं मान हलवली. नायतर सगळे बोलले असते, पोरगी आली नि कर्ता माणूस घेऊन गेली. वाईट पायगुणाची. तुझ्या आईला सासरी नेली असती की नाय, देव जाणे."

"तुझा नवरा समोर होता, मामी. तुला हे सुचलं कसं?"

"तू माझ्या हातात होती ना. रडत होती."

मग आई मला तुझ्याकडे एकटीला का पाठवायची नाही, असं मी विचारलं. "तिला वाटायचं, रागाच्या भरात एखाद दिवशी मीच बोलून टाकीन," मामी म्हणाली. तिथीला माझ्याकडे बघून ती उठून का जायची, हेही विचारलं.

"वाढदिवस असायचा तुझा. बोलता येत नव्हतं."

इतकी वर्षं मी या बाईवर संशय घेतला होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. "पण सासू जाऊनही जमाना झाला. आता आईला कोणाची भीती?"

"तुझी."

"माझी?"

"तू संशयी. ऐकलं की तूच सोताला बोलशील."

तिने तिथी सांगितल्यापासून मी मनात तेच बोलत होते. मी आले आणि तो गेला.

मामीने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पुढे सरकून जवळ्याचा वास येणाऱ्या हातांनी तिने माझे दोन्ही पाय धरले. मी दचकून मागे ओढायला गेले. माझ्या आईच्या वयाची बाई. तिने सोडले नाहीत.

"वाऱ्यानं गेला तो," ती म्हणाली. "मी त्याची बायको. मला ठाऊक."