मोठी गाडी आणि माझं घोंगडं

आमच्या घरी मोठी गाडी एकंदर एक दिवस होती, आणि त्या एका दिवसाचा शीण अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

गाडीचं खूळ मालकांच्या डोक्यात शिरलं ते साडूंमुळं. माझी धाकटी बहीण कमल उंब्रजला दिलीय. तिच्या मालकांनी, म्हणजे अशोकरावांनी, दिवाळीत गाडी घेतली आणि तेव्हापासून आमच्या मालकांना स्वतःचा पिकअप दिसेनासा झाला. दारातच उभा असायचा, पण दिसायचा नाही! (मेंढरांचा वास मात्र यायचा. तो डोळे मिटले तरी येतो.) त्यात अशोकरावांनी नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीचं आमंत्रण आलं. झालं! मालक म्हणाले, "साडूच्या दारात म्या मेंढराच्या गाडीतनं उतरायचं व्हय?"

आम्ही माणदेशातली माणसं, पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारी. आष्ट्याचे सलीमभाई दरवर्षी आमच्याकडून बकरी घेतात. जुन्या गाड्या घ्यायचा-विकायचाही त्यांचा धंदा आहे. शनिवारी संध्याकाळी त्यांनी एक गाडी आणून आमच्या दारात लावली. काळी, चकचकीत आणि एवढी उंच, की आत चढायला मला आधी गुडघा टेकावा लागला आणि मग देव आठवावा लागला. आतली शिटं दुधावरच्या सायीच्या रंगाची.

"तात्या, उद्या दिसभर बायकापोरं घालून फिरवा," सलीमभाई चहा पीत म्हणाले. "चारला म्या उंब्रजला येतो. पसंत पडली तर ठिवून घ्या, बदल्यात सोमवारी कळप घिऊन जातो. न्हाईतर कराडचं गिऱ्हाईक थांबलंय."

कळप घिऊन जातो! जसं काही कपातला उरलेला चहा पितो! त्या कळपातल्या कितीतरी मेंढ्या मी बाटलीनं दूध पाजून जगवलेल्या. मला ओरडून म्हणायचं होतं, 'मेंढरं द्यायची न्हाईत.' पण माझं असं आहे की मी परक्या माणसासमोर बोलत नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तर चारही वर्षं हजेरीला नुसता हात वर केला. 'हजर' म्हणायचा धीर पाचवीत येणार होता, तेवढ्यात शाळाच सुटली. तर मी डोक्यावरचा पदर सारखा केला, दाराआडून पुढं झाले आणि सलीमभाईंना म्हणाले, "साखर पुरं का?"

सकाळी आम्ही निघालो. मालक फेटा बांधून, मी, दहा वर्षांची आरोही, सात वर्षांचा विराज आणि चिंगी. चिंगी म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. नव्या घराला लोक समई देतात, घड्याळ देतात. आम्ही राखणीच्या कुत्र्याचं पिल्लू देतो. तिचा बाप पाखऱ्या घरी राहायचा होता. पण माणसं निघाली की आपणही निघायचं, एवढंच त्याला जन्मभर शिकवलेलं. गाडी पळाली तसा तोही मागं पळाला.

"आबा, मरंल त्यो पळून!" विराजनं भोकाड पसरलं.

"मरत न्हाई. दमला की जाईल माघारी."

ओढा मागं गेला, फाटा मागं गेला, पाखऱ्या काही मागं गेला नाही. शेवटी मालकांनी दार उघडलं. पाखऱ्या ओढ्याच्या चिखलासकट आत आला आणि त्यानं सायीवर अंग झाडलं.

त्या गाडीत एक बाई बोलते. दिसत नाही, पण बोलते. दार नीट लागलं नाही की इंग्रजीतून रागं भरते. मालक तिला दर वेळी "व्हय, व्हय" म्हणायचे. (मला लग्नाला बारा वर्षं झाली तरी एकदा असं म्हणाले नाहीत.) मला त्या बाईचा हेवाच वाटला. चार माणसांत कशी बिनधास्त बोलत होती!

वडूज सोडलं आणि आरोहीनं भडंगाची पिशवी फोडली. चिंगीनं त्यात तोंड घातलं. "ए, माझं हाय!" म्हणून विराजनं पिशवी ओढली आणि ओढता ओढता त्याचा हात कुठल्याशा बटणावर पडला. छत उघडलं! वारा आत, भडंग वर. मालकांच्या फेट्यात शेंगदाणे, माझ्या कानात चुरमुरे, आणि पाखऱ्या छतातून मुंडकं बाहेर काढून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतोय. मालक ओरडले, "बंद करा ते!" तसे तिघंही बटणं दाबायला लागले. त्यात चिंगीही होती. मग काचा खाली गेल्या, माझं शीट मागं आडवं झालं आणि मसूरला एका गॅरेजवाल्यानं सगळं बंद करून देईपर्यंत मी आभाळ बघत निजून आले. खरं सांगते, दिवसभरात तेवढीच काय ती विश्रांती.

मसूरच्या पुढं विराज म्हणाला, "आई, मळमळतंय." पिकअपच्या हौद्यात मेंढरांबरोबर उभं राहून डोंगर चढलेलं हे पोर! त्याला कधी ढेकर आली नाही. पण त्या मऊ गाडीत सकाळचं ताक आणि भडंग सगळं बाहेर आलं, नेमकं मागच्या शिटावर. मी पाणी लावून पुसलं. डाग आधी हाताएवढा होता, मी पुसून पुसून परातीएवढा केला. पिवळाधमक.

उंब्रजला पोचलो तर मालकांनी गाडी नेमकी मांडवाच्या तोंडाशी लावली, साडूंना दिसावी म्हणून. "कुत्री आतच ऱ्हाऊ द्या. ए.सी. चालू ठिवतो," म्हणाले आणि किल्ली आतच टाकून ऐटीत उतरले. माझ्या डोळ्यापुढं तो डाग. आता अशोकराव बघणार, कमल बघणार, चारला सलीमभाई बघणार. मी पटकन पिशवीतून माझं घोंगडं काढलं आणि डागावर अंथरलं. मग निवांत मांडवात जाऊन बसले.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी मला तेव्हाच आठवायला पाहिजे होती. रानात मेंढरं वळायला जाताना मी झाडाखाली घोंगडं अंथरते. त्यावर भाकरीचं गठुडं ठेवते, पोरं लहान होती तेव्हा पोरं ठेवायची. आणि पाखऱ्या तिथं बसतो. ज्यानं अंथरलं त्यानंच उचलायचं, तोवर दुसऱ्या कुणी जवळ यायचं नाही. एकदा मालकच भाकरी घ्यायला गेले होते, तर तासभर बाभळीवर बसून होते. घोंगड्याच्या भोवतीची चार-पाच पावलं ही पाखऱ्याची हद्द. आता चार-पाच पावलं मोजली तर त्यात अख्खी गाडी येते.

पंगत बसली. पानात पुरणपोळी आली आणि आमटी-भात घेऊन येणारा टेम्पो आमच्या गाडीमागं अडकला.

"पाव्हणं, गाडी लय भारी हाय," अशोकराव म्हणाले. "जरा बाजूला घ्या की. आमटी अडकलीया."

मालकांनी फेटा सावरला आणि सगळ्यांना दिसेल असं झोकात दार उघडलं. पाखऱ्यानं दात दाखवले. मालकांनी झोकात दार लावलं.

"आरं पाखऱ्या, म्या हाय की रं!"

"गुर्रर्र!"

"पाव्हणं," अशोकराव म्हणाले, "गाडी तुमची का त्येची?"

पंगत हसली. कुणी म्हणालं पोळी टाका. पोळी टाकली, ती चिंगीनं खाल्ली. पाखऱ्या कामावर असताना खात नाही. कुणी काठी आणली, तसा पाखऱ्या उडी मारून पुढच्या शिटावर आला आणि त्याचा पाय भोंग्यावर पडला. भोंगा वाजायला लागला, काचेवरचे पुसणे नाचायला लागले, आतली बाई इंग्रजीतून ओरडायला लागली. भटजींनी मंत्र थांबवले. गाडी बघून गेलेली माणसं परत बघायला आली!

"आरं, पर ह्ये घोंगडं कुणी आंथरलं?" मालक ओरडले. त्यांच्या ध्यानात आलं होतं.

आरोही पळत माझ्याकडं आली. "आई, तू आंथरलंस न्हवं?"

"गप. पोळी खा."

खोटं कशाला बोलू? आधी मी उठले नाही ती लाजेनं. पन्नास पुरुषांमधून चालत जायचं आणि घोंगडं उचलून माझाच डाग सगळ्यांना दाखवायचा! पण दुसरी पोळी खाताना माझ्या मनात आलं, की चार वाजेपर्यंत गाडीत कुणाला शिरताच आलं नाही, तर मालक ही गाडी ठेवतील कशाला? आणि गाडी नाही, तर कळप कुठं जातोय? मी तिसरी पोळी घेतली. बायका म्हणाल्या, "आक्का आज लय जेवत्यात!" मी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच मी मोठं कारस्थान करत होते आणि त्यासाठी मला नुसतं गप्प बसायचं होतं. ती एक विद्या मला येते.

चारला सलीमभाई आले. "काय तात्या, पसंत पडली का?" म्हणत त्यांनी दाराला हात लावला आणि दोन उड्यांत मांडवाच्या खांबामागं गेले.

मग मी मालकांकडं बघितलं. फेटा सुटून गळ्यात आलेला. उन्हात उभं राहून तोंड लाल झालेलं. सकाळपासून पोटात अन्न नाही. आणि काचेपुढं उभं राहून ते चक्क हात जोडत होते, "पाखऱ्या, लेका, चारचौघांत इज्जत घालवू नगंस रं." अशोकराव मोबाइलवर त्यांचं चित्र घेत होते.

माझ्या घशाखाली चौथी पोळी उतरेना. काय करणार! उठले, पदर कपाळापर्यंत ओढला आणि त्या पन्नास माणसांमधून चालत गेले. दार उघडून म्हटलं, "बास रं." घोंगडं उचललं. पाखऱ्या शेपूट हलवत उतरला, मालकांचा हात चाटला, जसं काही झालंच नाही. आरोहीनं त्याला खांबाला बांधलं.

घोंगड्याखालचा डाग दुपारभर वाळून सोन्यासारखा चमकत होता. शेजारी शिटाचा पट्टा चिंगीनं कुरतडून दोरा-दोरा केलेला. सलीमभाई वाकून बघायला लागले आणि मी चटकन घोंगडं परत डागावर टाकलं. जन्माचा स्वभाव!

 हीच वेळ होती. सकाळपासून मनात घोकलेलं वाक्य, 'सलीमभाई, मेंढरं द्यायची न्हाईत,' अगदी ओठावर आलं. मी मान वर केली, सलीमभाईंकडं बघितलं आणि म्हणाले, "जेवलासा का?"

मांडव असा हसला की कनातीची दोरी सुटली. मालकसुद्धा हसले. मग फेटा नीट करत म्हणाले, "सलीमभाई, न्या गाडी. म्या आत बसायचं का न्हाई ह्ये कुत्रं ठरीवतंय, ती गाडी माझी कशी? आमची मेंढरं आन् आमचा पिकअप बरा. डाग पुसून देतो, पट्टा बसवून देतो."

"आवं, ऱ्हाऊ द्या," सलीमभाई म्हणाले. "कराडवाला थांबलाय. येतो भाभी." आणि गाडी घेऊन गेले.

आम्ही आमटीच्या रिकाम्या टेम्पोत बसून परत निघालो. पातेली वाजत होती, पोरं खूश होती, पाखऱ्या वाऱ्याला तोंड करून बसला होता. मालकांनी एक डुगडुगतं पातेलं पायानं दाबून धरलं. मग म्हणाले, "आगं, तूच आंथरलं व्हतंस, मग आधीच का न्हाई उठलीस?"

"पोळी खात व्हते."

"तीन तास?"

"चांगल्या झाल्या व्हत्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बहुतेक सगळं कळलं त्यांना. पण विराज मांडीवर झोपला होता, म्हणून ते हळूच हसले. मग विचारलं, "घोंगडं कुठाय?"

मी पिशवी चाचपली. घोंगडं नव्हतं.

"आन् चिंगी? कमलकडं दिली न्हवं?"

"तुमी दिली न्हवं का?"

तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. त्यांचे हात पोरात गुंतलेले, म्हणून त्यांनी मला उचलायला सांगितला. सलीमभाई होते.

"भाभी, म्या कराडात हाय. गिऱ्हाइकाची मंडळी मागं बसाय गेली, तर वाटंत निजलेला ह्यो टीचभर प्राणी तुमच्या घोंगड्यावरनं चावाय उठतोय! बापाचं बघून शिकलं वाटतं. गिऱ्हाईक जायला लागलंय, भाभी. तुमी सांगिटलं की ऐकत्यात ही कुत्री. म्या फोन त्येच्या कानाला धरतो. तेवढं 'बास रं' म्हणा."

दोनच शब्द होते. मी घसा साफ केला. पलीकडं सलीमभाई, कराडचं गिऱ्हाईक, त्याची बायकापोरं, सगळी कान देऊन उभी असलेली मला इथून दिसत होती.  मालक डोळ्यांनी खुणावत होते, बोल, बोल. मी सगळा धीर गोळा केला, फोन तोंडाशी धरला आणि त्या पिल्लाला विचारलं,

"जेवलीस का?"