शाया आणि शाळा

तिसरीत असताना माझी श्रुतलेखनाची वही लाल वर्तुळांनी भरलेली असायची. केळझरच्या जवळच आमचं गाव. घरात शाळेला शाया म्हणत, डोळ्याला डोया, आभाळाला आबाय. मी ऐकायची तसंच लिहायची. चूक कुठे झाली ते उमगायचं नाही, कारण कानाला ते अगदी बरोबर वाटायचं.

एकदा गुरुजी म्हणाले, "घरी जिथे 'य' म्हणतेस, तिथे 'ळ' लिहीत जा." केवढं सोपं! पुढच्या तासाला त्यांनी आईवर चार ओळी लिहायला सांगितल्या. मी मन लावून लिहिलं, 'माझी माळ पहाटे उठते. माळ गाळीचे दूध काढते. माळचे पाळ दुखतात.'

गुरुजींनी ते वाचून दाखवलं, "ही माळ कसली गं, मोत्यांची?" म्हणून विचारलं, आणि सगळा वर्ग हसला. मी रडत घरी आले.

"काऊन रडून राह्यली वो?" आईनं विचारलं. मी सांगितलं. ती हसली नाही. वही हातात घेऊन बराच वेळ त्या लाल वर्तुळांकडे बघत राहिली. तिला अक्षरओळख नव्हती.

"मले वाचता येत नाई," ती म्हणाली, "पन आयकू तं येते."

गुरुजींच्या घरी दुधाचा रतीब आमचाच होता. त्यांची बायको साताऱ्याकडची, बोलणं पुस्तकासारखं. दुसऱ्या दिवसापासून दूध घालून झालं की आई उंबऱ्याशी थांबायला लागली. मी सोबत असले तर तिच्या पदराला धरून उभी राहायची.

"बाई, याले काय म्हनता तुमी?" आई कपाळावर बोट टेकवायची.

"कपाळ."

"अन् याले?"

"पाय."

"म्हंजे पाय पायच राह्यते?"

बाईंना आधी गंमत वाटली. मग कारण कळल्यावर त्या स्वतःहून शब्द काढून ठेवू लागल्या. गूळ, बाभूळ, सकाळ. साय, सोय, वय. परत येताना आई ते पुटपुटत चालायची. वाटेत कुणी हाक मारली तरी नुसती मान हलवायची. बोललं तर शब्द सांडतील अशी तिला भीती.

दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली. रविवारी मी पाटी घेऊन बांधावर बसायची. ऊन कोवळं, वारा पडलेला. कापसाच्या ओळींतून आईचा आवाज यायचा, ती मात्र दिसायची नाही. "आभा...ळ." जीभ मागे वळवून ती तो 'ळ' असा काही काढायची, की जणू विहिरीतून घागर वर येते आहे. मी लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. कापसाचा एखादा पुंजका तरंगत यायचा आणि पाटीवर टेकायचा. कधी तिचा आवाज थांबायचा, मग मलाही पेंग यायची, आणि अर्धवट झोपेत ते पांढरं शेतच मला कोरी वही वाटायचं.

वार्षिक परीक्षेत माझ्या दोनच चुका निघाल्या, त्याही ऱ्हस्व-दीर्घाच्या. आईला सांगितलं तर म्हणाली, "ते मले कसं आयकू येईन? ते तुह्यं तू पाहाय."

त्याच उन्हाळ्यात गुरुजींची बदली झाली. आम्ही दोघी त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. सामान टपावर चढलं. आईनं घोटून ठेवलेलं वाक्य जपून उच्चारलं, "बाई, वेळ मिळाला की या."

बाई चढता चढता थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. आईचा हात धरून त्या म्हणाल्या, "येतो न वो. तू बी येजो."

मोटार वर्ध्याच्या दिशेनं निघून गेली. धूळ खाली बसेपर्यंत आई तिथेच उभी होती, तोंडाला पदर लावून, हसत.