इमारतीमागचं आभाळ

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल, सांभाळून घ्या. अंधेरीला मी ज्या कचेरीची गच्ची झाडायचे, तिथे ढग बघणारं रडार होतं. समोर उंच इमारत झाली आणि तिच्यामागचं आभाळ रडारला दिसेना. ते मोजायला एक साहेब येऊ लागले. नाव मी विचारलं नाही. ते कधी बसायचे नाहीत. एक डोळा मिटून दुर्बिणीतून बघायचे, कठड्यावर चहा निवायचा, ते पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात.

शेवटच्या दिवशी धीर करून विचारलं, "आता दिसतं ना?"

"रडारची तबकडी वर उचललीय, ताई. इमारतीच्या वरचं दिसतं. खालचे ढग नाही दिसत."

"त्याच बाजूला मढचा किनारा ना? आमचे हे तिथून मासेमारीला होडी घेऊन जातात."

साहेब पहिल्यांदाच स्तब्ध उभे राहिले. "मी उंच मनोरा मागतोय. तोवर रेडिओ काही सांगो, तुम्ही स्वतः बघत जा."

मनोरा अजून झालेला नाही. रेडिओ आभाळ मोकळं सांगतो. "रेडिओपेक्षा तुला जास्त कळतं काय गं?" हे चिडवतात. समुद्रावर खाली काळं नाही ना, एवढं बघते, मगच भाकरीचा डबा त्यांच्या हातात देते.