कार्डावरचा खेमसिंग

खेमसिंग आडेबद्दल लिहायला बसलो आहे, पण आधीच सांगून ठेवतो, यात मी चांगला दिसणार नाही. चांगलं दिसायच्या नादातच मी माती खाल्ली.

मी मधुसूदन पिंपळापुरे, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला आरेखक. तेहेतीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले. घरी बसलो तर बायकोच्या, म्हणजे मंजुषाच्या, स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावायला लागलो. तिनंच हात जोडले, "अहो, बाहेर काहीतरी शोधा बाप्पा!" मग छोट्या लाइनीच्या जतन मंडळात नाव घातलं.

शकुंतला, म्हणजे आमची छोट्या लाइनीची रेल्वे, बंद पडून आता वर्षं झाली. पण दारव्ह्याच्या वाटेवरच्या एका लहानशा स्टेशनात आमच्या मंडळानं वाफेचं एक जुनं इंजिन आणून उभं केलं आहे. दर रविवारी आम्ही आठ-दहा रिकामटेकडे तिथं जातो. गंज खरवडायचा, तेल द्यायचं, गवत कापायचं आणि मग पोहे खात एकमेकांची तारीफ करायची. माझं खास काम म्हणजे स्टेशनच्या इमारतींच्या प्रतिकृती. सनबोर्ड, आइस्क्रीमच्या काड्या, फेविकॉल. चाळीस फुटांची भिंत माझ्या टेबलावर एक फूट होते. हात माझा चांगला आहे, हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. बघा, झालो पुन्हा सुरू.

खेमसिंग आला तो कुणी न बोलावता. जवळच्या तांड्यावरचा बंजारा म्हातारा, सत्तरीला आलेला, अंगात धुतलेला सदरा. आला तो थेट इंजिनापाशी गेला आणि बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्यानं हात ठेवला. मी खेकसलो, "ओ बाबा! रंग ओला आहे!"

तो हसला. "साहेब, याले एकोणीस वर्षं पाणी पाजलं म्या."

रोजंदारीवर होता तो. इंजिन टाकीच्या नळाखाली आलं की पाणी भरायचं, राख उपसायची, सांजेला कंदील लावायचे. वाफेची इंजिनं गेली, डिझेल आलं, आणि डिझेलला पाणी पाजणारा माणूस कुणाला पाहिजे? तो तांड्यावर शेती करायला लागला. स्टेशनात काम केल्याचा चिटोरा त्याच्यापाशी नाही. लिहिता-वाचता येत नाही. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, पण तो मला साहेब म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायचो. हेही मला तेव्हा खटकलं नाही.

माझं घोडं नकाशापाशी अडलं होतं. स्टेशनातलं सामान कधीच गेलेलं. घंटा नाही, घड्याळ नाही, तिकिटाच्या खिडकीची जाळी नाही. पाण्याची टाकी आणि रूळ सांभाळणाऱ्या गँगची खोली तर भुईसपाट. जुना नकाशा मिळेना आणि नकाशाशिवाय मला खुराडंही करता येत नाही. सहा महिने नुसता चडफडत होतो.

"नकाशा कायले पाह्यजे? मी हाय न," खेमसिंग म्हणाला.

पुढच्या रविवारी तो गेरूचा खडा आणि पोतंभर चुन्याची फक्की घेऊन आला. वेटिंग रूमच्या भिंतीपाशी उभा राहिला, डोळे मिटले, हात वर केला. "घंटीची दोरी माह्या मनगटाले लागे. हे पाहा, इथं." तिथं त्यानं गेरूनं घंटा काढली, खऱ्या मापाची. घड्याळ, जाळी, कंदिलाचे आकडे, सगळं तसंच. टाकीची जागा सांगायला मात्र त्यानं दोन बादल्या भरून मागितल्या. मी म्हटलं, आता हे काय नाटक? तर म्हणाला, "रिकाम्या हातानं पाऊल लांब पडते साहेब. मी भरल्या बादल्या घेऊनच चालो." भरल्या बादल्यांची बावीस पावलं तो चालला आणि थांबला तिथं फक्कीची रेघ मारली. आम्ही खणून पाहिलं तर वीतभर खाली टाकीचा पाया!

चार महिने असं चाललं. तो भिंतीवर आणि जमिनीवर काढायचा, मी टेप लावून मापं घ्यायचो, घरी जाऊन चाळिसानं भागायचो. बस, माझं काम एवढंच.

एकदा पोहे खाताना तो म्हणाला, "साहेब, या खेळण्यापाशी कारड लावसान न? त्यात माहं नाव टाका. माही म्हातारी सुखीबाई हाय न, ते रोज बोलते, तू ठेसनात होता याचा पुरावा दाखव."

"टाकतो म्हणजे काय! तुझ्याशिवाय झालं असतं काय हे?" मी म्हटलं. तेव्हा मनापासून म्हटलं होतं, शपथ.

प्रतिकृतीचं उद्घाटन ठरलं. मोठे पाहुणे येणार म्हणून मी खेमसिंगला सांगितलं, भिंतीला चुना मार, त्या गेरूच्या रेघा बऱ्या दिसत नाहीत. त्यानं एवढंच विचारलं, "मापं सारी घेतली न?" घेतली म्हटल्यावर त्यानं आपल्याच हातानं घंटा, घड्याळ, जाळी सगळं पुसलं.

कार्डाचा मजकूर मी केला. आधी त्यात दोन्ही नावं होती. छापायला देताना दुसरं नाव काढलं आणि लिहिलं : "प्रतिकृती व संशोधन – मधुसूदन पिंपळापुरे, निवृत्त आरेखक." मंजुषाला सांगितलं, दोन नावांत अक्षरं बारीक होत होती.

"मग 'निवृत्त आरेखक' कशाला ठेवलं?" तिनं विचारलं.

तुला काही कळत नाही म्हणून मी तिच्यावरच डाफरलो. खरं तर एका अंगठेबहाद्दराच्या शेजारी माझं नाव मला बघवत नव्हतं. इतका हलकट विचार माझाच होता, दुसऱ्या कुणाचा नाही.

उद्घाटनाला पाहुण्यांनी विचारलं, "नकाशा नसताना हे जमलं कसं हो?" मी म्हणालो, "अभ्यास." टाळ्या पडल्या. आता तो शब्द आठवला की जेवण कडू होतं.

पाहुणे गेले आणि फाटकापाशी एक टेम्पो थांबला. खेमसिंगनं अख्खा तांडा आणला होता! पुढे सुखीबाई, काचा लावलेल्या घागऱ्यात, हातभर बलोया बांगड्या घालून. ते कपडे लग्नाकार्यालाच निघत असतील. बाजूला त्यांची मुलगी बबिता, अंगणवाडी सेविका. मी खांबाआड झालो. पळून जावंसं वाटलं, पण दार एकच होतं.

खेमसिंगनं सगळ्यांना प्रतिकृतीतली टाकी दाखवली, घंटा दाखवली. मग सुखीबाईनं कार्डाकडे बोट केलं. "नाम कत छ?" नाव कुठं आहे, असं ती विचारत होती.

"बबिता, वाच बेटा. मोठ्यानं वाच," खेमसिंग म्हणाला.

बबितानं कार्ड वाचलं. मनातल्या मनात. मी तिचा चेहरा पाहत होतो. तिनं पुन्हा वाचलं. मग मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मधुसूदन पिंपळापुरे आणि खेमसिंग धावजी आडे."

"मध्ये बापाचंबी नाव टाकलं?" खेमसिंग कार्डाच्या अगदी जवळ गेला. "कुठी हाय?"

तिनं त्याचं बोट धरलं आणि 'निवृत्त आरेखक' या अक्षरांवरून हळूहळू फिरवलं. सुखीबाईनं पदर डोळ्यांना लावला. मग खेमसिंगनं मला शोधून काढलं आणि सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात धरले. "साहेब, तुमी शबद पाळला." बबिता माझ्याकडे बघतही नव्हती. थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी मी नवं कार्ड छापलं. खेमसिंगचं नाव वर, माझं खाली, आरेखक-बिरेखक काही नाही. ते पिशवीत घालून तांड्यावर गेलो. सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. तर घरात समोरच भिंतीवर त्या जुन्या कार्डाचा फोटो, फ्रेम करून, देवांच्या रांगेत. खेमसिंग घरी नव्हता. मी बबितापुढे पिशवीतलं कार्ड काढलं.

तिनं ते वाचलं आणि पालथं ठेवलं. "आता कायले आणलं?"

"चूक झाली बाई. मी त्यांना सांगतो सगळं."

"तुमचं मन हलकं होईन. त्याचं काय?" ती म्हणाली. "साऱ्या तांड्याले फोटो दाखवून झाला त्याचा. आता माहा बाप तोंड कुठी लपवन? काही सांगू नका न काही बदलू नका. राहू द्या तुमचंच नाव."

मी कार्ड पुन्हा पिशवीत घातलं. आणि खरं सांगू? सांगावं लागणार नाही, हे कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. माणूस म्हणून माझी किंमत तेवढीच.

खेमसिंग अजून दर रविवारी येतो. आलेल्या प्रत्येकाला कार्डापाशी नेतो, बोट ठेवतो, आपलं नाव सांगतो. मी आता त्याला अहो-जाहो करतो. त्याला त्याची गंमत वाटते.

परवा एक शिक्षक आले होते. खेमसिंगनं नेहमीसारखं बोट फिरवलं, "हे माहं नाव." गुरुजींनी कार्ड वाचलं, त्याच्या बोटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. खेमसिंगनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गुरुजींना सांगितलं, "साहेबाइले सवताची तारीफ ऐकवत नाही, गुरुजी. लय मोठं मन हाय त्याइचं."